धूर वर निघून जाते

“चाला वं बायांनो, धीरानं चाला! दिवा हलू देऊ नका, तार ताणू नका. तार निसटली का नवरदेव अंधारात!”

हा माझ्या बाबांचा आवाज. देवराव त्यांचं नाव. मी लहान होते तेव्हाच ते गेले. चेहरा आता नीट आठवत नाही, पण हा आवाज कानात तसाच्या तसा आहे. लोकांच्या लग्नाच्या वराती निघायच्या. पुढे बँड, मग नाचणारे, मग घोडा, आणि सगळ्यांच्या मागे एक मेटॅडोर. तिच्यात धडधडणारा जनरेटर, आणि जनरेटरपाशी बाबा. तिथून निघालेली काळी तार रस्त्याच्या दोन्ही कडांनी पुढे जायची. त्या तारेला बायका बांधलेल्या असायच्या. बांधलेल्याच म्हणायचं, कारण प्रत्येकीच्या डोक्यावरचं झुंबर त्या तारेवर पेटायचं आणि एकीलाही रांग सोडून घोटभर पाणी प्यायला जाता येत नसे. रांगेत सगळ्यात शेवटी, धुराच्या सगळ्यात जवळ, माझी आई. भीमाबाई.

मशीनच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. म्हणून बाया गायच्या. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर काहीही गाता येतं.

डोईवर माह्या दिवा, पायाखाली अंधार
परक्याच्या वरातीले माह्या मानेचा आधार

ही ओवी आईची, तिनंच जुळवलेली. माझं दीपमाला हे नाव मात्र बाबांनी ठेवलं. लोकांचा उजेड ओढत नेणाऱ्या माणसाला आपल्या घरातही एखादा असावा असं वाटलं असेल.

आईची छाती त्या धुरानं खाल्ली. आता ती मागच्या खोलीत खाटेवर बसून असते. उशाशी ऑक्सिजनचं मशीन, त्यातून निघालेली नळी कानांवरून नाकात. मशीन विजेवर चालतं. वीज गेली की ते आधी किंचाळतं, मग गप्प होतं, आणि आईचा श्वास पाण्याबाहेरच्या मासोळीसारखा तडफडू लागतो. मी धावत जाऊन नळी कोपऱ्यातल्या सिलिंडरला जोडते. सिलिंडर फार वेळ पुरत नाही. तो संपायच्या आत वीज आली तर आई आहे, नाही आली तर काय, हे आम्ही कुणी बोलत नाही.

आणि आमच्या गल्लीची डीपी, म्हणजे कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, दर उन्हाळ्यात जळते. ऊन चढलं, घराघरांत कूलर लागले, की कोपऱ्यावर धाडकन आवाज होतो आणि सगळी गल्ली एका दमात बंद पडते. गेल्या वर्षी म्हणाले, मोठी बसवू. त्याच्या आदल्या वर्षीही म्हणाले होते. यंदा मे महिन्यात पुन्हा तेच झालं तेव्हा मी तक्रारीचा नंबर लावला. एक बाई गोड आवाजात सांगत राहिली की माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे.

“महत्त्वाचा हाये तं उचल ना वं!” मी ओरडले.

आई नळी सावरत हसली. “थे टेप हाये, दीपे. टेपशी भांडून राहिली का?”

“मंग कोनाशी भांडू? मानूस तं कोनी उचलतच नाही!”

मी कळमेश्वरच्या शाळेत शिकवते. सुट्ट्या होत्या म्हणून घरी होते. शाळा सुरू झाल्यावर दुपारी वीज गेली तर नळी कोण जोडेल, हा विचार मनात आला की माझ्या तळव्यांना घाम फुटायचा, आणि घाम सुकला की राग यायचा. सगळ्यांचा. डीपीचा, त्या टेपवरच्या बाईचा, शेजारच्यांच्या एसीचा.

तेवढ्यात संघपाल आला. माझा धाकटा भाऊ. बुटीबोरीच्या कापड कारखान्यात सुपरवायझर आहे. हेल्मेटसुद्धा न काढता त्यानं जाहीर केलं, “ताई, टेन्शन खतम. जनरेटर घेऊन राहिलो आपण. मालकाशी बोलून आलो.”

मालक म्हणजे गोपाळराव. ज्यांच्या वरातीच्या दिव्यांवर आमच्या घरातली चूल पेटली ते. आता त्यांनी वराती सोडल्या. सदर भागात मोठं दुकान आहे, जनरेटर आणि इन्व्हर्टरचं.

“मले इचारलं का?” मी म्हणाले. “मी इन्व्हर्टर पाहून ठेवला हाये. धूर नाही, तेल नाही, लाइट गेल्याबरोबर आपोआप सुरू होते. मी घरी नसली तरी.”

“आणि बॅटरी बसली का मंग? इथं सकाळची गेलेली लाइट संध्याकाळी येते. तुहा इन्व्हर्टर चहा उकळेपर्यंत टिकन.”

“दोन बॅटऱ्या लावू. वर सिलिंडर हायेच.”

“आणि दोन्ही संपलं तं? जनरेटरमधी डिझल ओतत राहा, थो चालत राहाते. मी रोज कारखान्यात पाहातो. मले नको शिकवू, तुह्या शाळेतला पोरगा नोहो मी.”

“शाळेतल्या पोराले तरी इचारायची अक्कल असते!”

“ताई, तोंड सांभाळ—”

“जनरेटर ह्या घरात येनार नाही.”

हे आई म्हणाली. हळू म्हणाली.

“काहून वं माय?” संघपालनं हेल्मेट काढलं. “आजकाल सायलेंट येते. पेटीत बंद राहाते. आवाजच नाही करत.”

“धूर तं सोडते ना?”

“सोडते थोडासाक.”

“मंग पयलेवालं बरं. थे निदान वरडून सांगे.”

यापुढे ती बोलली नाही. संघपालनं विचारलं, मी विचारलं. भिंतीकडे तोंड करून ती श्वास मोजत पडून राहिली.

आईचं हे असं गप्प बसणं आम्हाला नवं नव्हतं. गोपाळराव दर दिवाळीला आमच्याकडे मिठाईचा डबा पाठवत. बाबा गेल्यावर त्यांनी आईचं काम सुटू दिलं नाही, आमच्या शाळेचं पाहिलं. बाकी कुणी आमच्या दारात उभंही राहिलं नाही. पण आईनं त्या डब्यातला तुकडा कधी तोंडात घातला नाही. आम्हालाही घालू दिला नाही. डबा न उघडता नळावर येणाऱ्या बायकांना देऊन टाकायची. आम्ही धम्म घेतलेल्या घरातली मुलं. आम्हाला वाटायचं, आई दिवाळी मानत नाही. मैत्रिणींना मी अभिमानानं सांगायची, आमची आई किती पक्की आहे.

आणि दुसरं एक. पौर्णिमेला आम्ही तिघं विहारात जायचो. सगळे मिळून पंचशील म्हणायचे. चौथं शील, खोटं बोलणार नाही, हे आलं की आईचा आवाज थांबायचा. ओठही हलायचे नाहीत. मला वाटायचं, दम लागला असेल. त्या पुढचं पाचवं, नशा करणार नाही, हे मात्र संघपाल सगळ्या विहाराला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायचा. लहानपणापासून. कारण बाबा दारू पिऊन गेले होते. एका वरातीच्या ठिकाणी मेटॅडोरमध्ये पिऊन पडले, ते उठलेच नाहीत. आम्हाला सांगितलेलं एवढंच. शाळेत पोरं संघपालला ‘बेवड्याचा’ म्हणायची. एकदा त्यानं एकाचं डोकं फोडलं, मग घरी आला आणि बाबांचा भिंतीवरचा फोटो काढून पेटीत टाकला. “पंचशीलाच्या घरात बेवड्याचा फोटो नको.” तेव्हा आई पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं नाही. पीठ मळतच राहिली. पोळ्या झाल्या तरी परातीतला हात थांबत नव्हता.

आईचा नकार संघपालनं मनावर घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सदरला गेलो. मी गेले ते त्याला अडवायला.

गोपाळराव काउंटरच्या मागे बसले होते. पांढरा सफारी, हातात काठी. “ये बेटा, ये. भीमाबाईची तब्येत कशी हाये?” मऊ आवाज, मऊ हात. त्यांनी लोड विचारला, कूलर किती, पंखे किती. एक करडी पेटी दाखवली. “हे घ्या. घरातलं सारं चालते, वरून आवाज नाही. देवरावच्या लेकरायले मी खराब माल देईन का?”

“ठेवायचं कुठं?” मी विचारलं. “गच्चीवर?”

“गच्चीचा जिना पाहिला का तू?” संघपाल म्हणाला. “मांजर आडवी होऊन चढते. मागच्या बोळात ठेवू.”

“तिथं आईची खिडकी हाये!”

“बोळच बरोबर,” गोपाळराव म्हणाले. “वर पत्रा टाका, पुढून प्लायवूड लावा. पानी लागलं तं मशीन खराब होते.”

“आणि धूर?”

“धूर वर निघून जाते, बेटा. जिंदगी गेली माही ह्या धंद्यात.”

“वर तं पत्रा टाकायचा म्हनून राहिले ना तुमी! मंग वर कुठून जाईन?”

दुकानातली माणसं वळून पाहू लागली. गोपाळराव हसले. संघपालनं माझं मनगट धरून मला फुटपाथवर आणलं.

“लाज वाटते का काही? त्यायच्यासमोर तोंड चालवते?”

“कोन लागते थो आपला?”

“थो लागते! आपला बाप बाटली घेऊन मेला तेव्हा कोन आलं होतं दारात? सांग ना! तुह्या लाडक्या बापानं का ठेवलं होतं आपल्यासाठी?”

माझ्या कानात बाबांचा तो आवाज. धीरानं चाला, दिवा हलू देऊ नका. मला तो कधी प्यालेल्या माणसाचा वाटला नव्हता. पण आवाजाची साक्ष कोण धरतं?

“आन मंग,” मी म्हणाले. “आन तुह्या बोळात. पन मायची खिडकी काळी झाली तं मी थे मशीन नाल्यात ढकलीन. लक्षात ठेव.”

दोनच दिवसांनी करडी पेटी आली. गोपाळराव स्वतः गाडीतून आले. “माह्या हातानं चालू करून देतो,” म्हणाले, आणि पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले. कारागिरांनी बोळावर पत्रा टाकला, पुढून प्लायवूड ठोकलं, आत जायला एक झडप ठेवली. मी आईच्या खोलीत दार धरून उभी होते. आईनं ठोकण्याचा आवाज ऐकला. मुठीत चादर धरली होती.

आणि जणू सांगून ठेवल्यासारखी दुपारी डीपी उडाली. आईचं मशीन किंचाळलं. मी नळी सिलिंडरला जोडली. काटा खाली होता.

“पाह्य ताई!” संघपाल ओरडला. “मुहूर्तच लागला. आता पाह्य!”

जनरेटर सुरू झाला. खरंच आवाज नव्हता. मधमाश्या गुणगुणाव्यात तेवढाच. पंखा फिरला, कूलर फिरला, आईच्या मशीनवर हिरवा दिवा लागला. मी नळी परत मशीनला जोडली. संघपाल दारात येऊन माझ्याकडे पाहात राहिला. त्याच्या तोंडावर लहानपणीचं हसू होतं. मी हरले असं मलाही वाटलं, आणि सिलिंडरच्या काट्याकडे पाहून हरल्याचं बरंही वाटलं.

मग वास आला.

बोळातला धूर पत्र्याला जाऊन थडकला, वळला, आणि वाट शोधत शोधत खिडकीच्या फटीतून आत आला. निळसर, पातळ. मी खिडकी लोटली. फट राहिलीच. आईचं मशीन खोलीतली हवा ओढत होतं. तीच हवा, तोच धूर, गाळून न गाळल्यासारखा, तिच्या नाकात जात होता. ती खोकू लागली.

“संघ्या, बंद कर! धूर येऊन राहिला!”

“सुरुवातीले येते गा थोडासा,” पुढच्या खोलीतून गोपाळराव त्याला म्हणाले. “खिडकी पक्की लावून घे म्हना बाईले. धूर वर निघून जाते.”

आईचा खोकला थांबला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कानामागून नळी काढली, आधी एक कान, मग दुसरा. जशी झुंबर उतरवून ठेवायची तशी दोन्ही हातांनी उशीवर ठेवली. आणि उठली. कित्येक महिन्यांत ती धरल्याशिवाय उठली नव्हती.

“माय, नळी! माय, खाली बस!”

तिनं माझा हात झटकला. भिंत धरत स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बोळात गेली. झडप उघडली तसा धुराचा लोट तिच्या तोंडावर आला. ती मागे सरली नाही. वाकून त्या पेटीचं झाकण वर केलं आणि बंद करायचा खटका दाबला. कुठं असतो तो हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. बाबांच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं हात विसरत नाहीत.

गुणगुण थांबली. गल्लीतलं सगळं ऐकू येऊ लागलं, कुणाचं तरी बाळ, कुणाचा तरी हातपंखा.

“माय, का केलं वं हे?” संघपाल चिडून धावत आला. “थो सिलिंडर संपून राहिला! मरायचं हाये का तुले?”

गोपाळराव काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. “भीमाबाई, तब्येत सांभाळा. आत जाऊन पडा. मी समजावतो लेकरायले.”

“तुमी नका समजावू,” आई म्हणाली. तिला दम नव्हता. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा. “लय समजावलं तुमी.”

मी सिलिंडर ओढत आणला, नळी तिच्या नाकाशी धरली. तिनं तोंड फिरवलं. “थांब. आधी बोलू दे.”

“माय, मंग बोल—”

“नाही. मंगमंग करत म्हातारी झाली मी.” तिचा पदर घामानं भिजला होता. संघपालचा हात तिनं मनगटाशी घट्ट धरला, पण बोलत होती ती दारातल्या माणसाकडे पाहून. “त्या दिवशी. अवकाळी पानी आलं. वरात दारात लागली होती. जेवनं चालू होती. तुमी म्हटलं, देवराव, मेटॅडोरचं दार लावून घे. पानी लागलं तं मशीन खराब होईन. म्हटलं का नाही?”

गोपाळरावांनी मागे पुढच्या दाराकडे पाहिलं.

“थे म्हनाले, मालक, आत धूर भरते. मी तिथंच होती. झुंबर डोक्यावर. तुमी म्हटलं, धूर वर निघून जाते. हेच. ह्याच आवाजात.”

“जुनी गोष्ट हाये, बाई,” गोपाळराव म्हणाले. “आता काहून उकरता?”

“तुमी आज उकरली. माह्या खिडकीखाली.” आईनं श्वास घेतला. तो अर्धाच आला. “मी ताट घेऊन गेली. वरन-भात. दार उघडलं तं धूर बाहेर आला. मानूस नाही आला.”

“पन बाटली होती,” संघपाल म्हणाला. “माय, बाटली होती ना पायाशी? सारेच म्हनत होते.”

“ह्यायनं ठेवली. नाचनाऱ्या पोरायची. रिकामी. माह्या डोळ्यासमोर आनून ठेवली.” आता तिचे डोळे माझ्या भावावर आले. “म्हने, बाई, पोलीस येईन. दारू सांग. तुहं काम सुटनार नाही. लेकरं शिकवतो. तू दोन वर्षाचं होतं. ही फ्रॉक धरून उभी. म्या सांगतलं. दारू.”

संघपालनं तिचा हात सोडवून घेतला. मला वाटलं आता तो गोपाळरावांवर धावून जाईल. तो प्लायवूडकडे वळला आणि त्यानं त्याला लाथ घातली. एक, मग आणखी एक. खिळे निघाले, फळी कलली, बोळात उन्हाचा पट्टा पडला आणि कोंडलेला धूर त्या वाटेनं बाहेर जाऊ लागला. गोपाळराव भिंतीला धरून पुढच्या खोलीकडे निघाले. त्यांना कुणी थांबवलं नाही, कुणी पोचवलंही नाही.

आईचे ओठ निळे होत होते. मी रडत, शिव्या देत तिला उंबऱ्यावर बसवलं. “झालं ना आता बोलून? घे ना वं माय, नळी घे!”

“राह्यलं एक.”

संघपाल तिच्या पायाशी बसला. त्याच्या पायातून रक्त येत होतं. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. तो शहारला, पण सरकला नाही.

“म्हनून चौथं शील मी कधी म्हटलं नाही,” ती म्हणाली. “तू पाचवं ओरडून म्हने. मी ऐके. मले वाटे, आता सांगू. आता सांगू.” तिनं डोळे मिटले, उघडले. “फोटो काढ पेटीतला. पुसून लाव. तुहा बाप पेत नव्हता, संघ्या. एक थेंबही नाही.”